तार आधी कुणी काढायची? जावातल्या एका भातगावाचं प्रकरण

गाव

जावा बेटाच्या मधल्या भागात, बेंगावान सोलो नदीच्या खोऱ्यात, स्रागेन आणि न्गावी हे शेजारशेजारचे दोन जिल्हे आहेत. पहिला मध्य जावा प्रांतात, दुसरा पूर्व जावात. दोन्ही भाताचे. हे प्रकरण या पट्ट्यातल्या एका छोट्या गावाचं, आणि भात खाणाऱ्या उंदरांसाठी शेताभोवती लावलेल्या विजेच्या उघड्या तारेचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून शेजारच्या गावांत घडलेले काही तपशीलही यात मिसळले आहेत.

गाव चार वाड्यांचं. गावप्रमुखाला सगळे ‘पाक लुराह’ म्हणतात. बहुतेक घरांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे आणि जावात हेच सर्वसाधारण चित्र आहे. काही जण दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करतात. गावप्रमुख आणि वाडीप्रमुखांना मोबदल्याचा भाग म्हणून गावाची जमीन मिळते, तिला ‘बेंगकोक’ म्हणतात. आपल्याकडच्या वतनी जमिनीच्या जवळ जाणारी ही व्यवस्था. यातली बरीच जमीन ते खंडाने देतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा फार उपयोग झाला.

तरुण पोरं जकार्ता-सुराबायाच्या कारखान्यांत आहेत. काही घरांतल्या बायका हाँगकाँग-तैवानला घरकामासाठी गेल्या आहेत. शेतात दिसणारी माणसं पन्नाशीच्या पुढची.

भाताचे हंगाम तीन. पहिला नोव्हेंबरच्या पावसावर, दुसरा मार्चपासून, तिसरा जुलैनंतरच्या कोरड्या दिवसांत. पहिल्या दोन हंगामांना कालव्याचं पाणी मिळतं, तिसरा बोअरवर. पूर्वी बोअर डिझेलवर चालायचे. मग वीज कंपनीने शेतात जोडण्या द्यायला सुरुवात केली, मोटारी आल्या आणि खर्च उतरला. ज्याच्याकडे बोअर नाही तो बोअरवाल्याकडून पाणी घेतो आणि बदल्यात पिकातला वाटा देतो.

अडचण

अडचण उंदरांची. भातशेतीतल्या उंदराचं पुनरुत्पादन भाताच्या वाढीशी जुळलेलं असतं. पीक पोटरीत आलं, म्हणजे कणीस खोडात भरू लागलं, की माद्या माजावर येतात. गर्भ साधारण 21 दिवसांचा, एका वेताला दहाच्या आसपास पिलं, आणि एका हंगामात एकीची तीन वेतं सहज होतात. सगळ्या शिवारात लावणी एकाच पंधरवड्यात झाली, तर पोटरीचा काळ थोडा राहतो. कापणी झाली की खाणं संपतं आणि उंदीरही ओसरतात. पण इथे एक बांध ओलांडला की लावणीत महिन्याचा फरक. एका वाफ्यात कापणी, दुसऱ्यात फुटवे, तिसऱ्यात पोटरी. वर बोअरवरचा तिसरा हंगाम. उंदरांना वर्षभर कुठे ना कुठे पोटरीतलं भात मिळत होतं.

नुकसानीचा काळही वाईट. लावणीनंतर लगेच उंदरांनी रोपं कातरली तर नवे फुटवे येऊन पीक सावरतं. पोटरीत कातरलं तर सावरायला वेळच उरत नाही. इंडोनेशियात कापणीआधी भाताचं सर्वांत जास्त नुकसान करणारा प्राणी उंदीरच, आणि त्याचा वार्षिक घास सुमारे 15 टक्के असल्याचा अंदाज उंदरांवर काम करणारे संशोधक देत आले आहेत. सरासरीने मात्र फसायला होतं. नुकसान सगळीकडे सारखं पसरत नाही. एकाचं शेत शाबूत राहतं आणि त्याच्या शेजाऱ्याचं मधोमध गोल भादरल्यासारखं होतं.

या भादरलेल्या शेतांतून तार आली.

बांधालगत बांबूच्या खुंट्या ठोकायच्या आणि जमिनीपासून चार बोटांवर, बांधकामात सळ्या बांधायला वापरतात ती बारीक तार उघडीच शेताभोवती ओढायची. तिला मोटारीच्या जोडणीतून 220 व्होल्ट द्यायचे. उंदीर तारेला लागतो, ओल्या जमिनीतून वीज वाहते, उंदीर मरतो. सकाळी मेलेले उंदीर मोजता येतात, आणि त्याचं समाधान मोठं असतं. ओल्या अंगाचा विजेला असणारा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर 220 व्होल्टला माणसाच्या अंगातून 200 मिलिअँपिअरच्या वर वीज जाते. हृदय बंद पडायला त्याहून कितीतरी कमी पुरते.

घरात बसवतात तसं, वीज गळली की ती तोडणारं गळती-संरक्षक बटण इथे का बसवत नाहीत, हा प्रश्न बाहेरून येणारा प्रत्येक जण विचारतो. कारण तार चालतेच गळतीवर. 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारं बटण बसवलं, तर पहिल्याच उंदराला ते वीज तोडेल आणि उरलेली रात्र तार मेलेली राहील. म्हणून शेतकरी ते बटण टाळून थेट जोडणी घेतो. थोडक्यात, माणसाला सुरक्षित असणारी तार उंदराला मारू शकत नाही. हा मुद्दा मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या बैठकांतला निम्मा वेळ ‘तार राहू द्या, पण नीट वापरा’ या बोलण्यात गेला.

या पट्ट्यात अशा तारांनी अनेक शेतकऱ्यांचा जीव घेतला आहे. बळी जातो तो बहुतेक वेळा तार लावणारा स्वतः, नाहीतर त्याच्या घरचं किंवा शेजारच्या बांधावरचं माणूस. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. चंद्रपूर-गडचिरोलीत रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेनं शेतकरीही गेले आहेत आणि वाघही.

या गावात पहाटे पाणी वळवायला निघालेला एक म्हातारा शेतकरी दुसऱ्याच्या तारेवर पडला. रात्री लावलेली तार उजाडण्याआधी बंद करायची, असा गावात तोंडी रिवाज होता. त्या दिवशी ती बंद करायला कुणी आलं नव्हतं. तार लावणारा नात्याने मृताचा पुतण्या लागायचा.

पहिला निर्णय: माणसावर बोट ठेवायचं की रिवाजावर?

इंडोनेशियाच्या तेव्हाच्या दंडसंहितेत, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम 359 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होती. पोलिसांनी नोंद केली. मृताच्या घरच्यांना तक्रार वाढवायची नव्हती. तार लावणाऱ्याच्या घरच्यांनी दफनाचा आणि तिसऱ्या-सातव्या दिवसाच्या जेवणांचा खर्च उचलला. गावात ‘घरातल्या घरात मिटवा’ असा सूर होता.

पाक लुराहसमोर दोन वाटा होत्या. एक, त्याच आठवड्यात गावसभा बोलावून बंदी घालायची. दुसरी, थांबायचं. त्यांनी चाळिसाव्या दिवसाचा विधी होईपर्यंत थांबायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं असं की दु:ख ताजं असताना सभा घेतली तर ती एका माणसाचा न्याय करणारी सभा होईल आणि बाकीचे तारवाले मान खाली घालून सुटतील. हे बरोबर होतं असं मला वाटतं. पण त्या चाळीस दिवसांत तारा चालूच राहिल्या. पीक पोटरीत होतं, त्यामुळे उलट वाढल्या. थांबताना निदान पहाटेची एक फेरी, वाडीवार पाळीने, लावता आली असती. ती लावली नाही आणि दुसरा जीव गेला नाही हे नशीब.

पुढ्यात असलेले पर्याय

वीज कंपनीला सांगून जोडण्या तोडणं हा सर्वांत सोपा पर्याय. कंपनीची मनाई आधीपासून आहेच. पण जोडणी तोडली की मोटार बंद, मोटार बंद की तिसरं पीक गेलं. शिवाय तारवाला डिझेल जनित्र आणू शकत होता, आणि त्यावर कुणाचीच नजर राहिली नसती.

विषाचा पर्याय जुना. झिंक फॉस्फाइडचं आमिष एकदा खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा तोंड लावत नाही. हळू मारणारी, रक्त पातळ करणारी विषं परिणामकारक असतात, पण विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला तर घुबडही जातं. याच सुमारास गावात घुबडांचा विचार चालू होता. दोन्ही एकत्र चालणार नाहीत, हे कृषी विस्तार अधिकाऱ्याने पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं. हे त्याचं मोठं काम.

पीक विमाही चर्चेत आला. 2015 पासूनच्या सरकारी भातविम्यात हेक्टरी 1,80,000 रुपिया हप्ता होता. त्यातले 1,44,000 सरकार भरायचं, शेतकऱ्याच्या वाट्याला 36,000 यायचे, म्हणजे आपले साधारण 200 रुपये. भरपाई हेक्टरी 60 लाख रुपिया. पण नुकसान 75 टक्क्यांच्या वर असावं लागायचं. उंदीर शेताचा तिसरा हिस्सा, निम्मा हिस्सा खातात आणि थांबतात. निम्मं पीक गेलेला शेतकरी कर्जात जातो, पण विम्याच्या नजरेत त्याचं काहीच झालेलं नसतं. विमा घ्या, पण त्याच्या भरवशावर तार काढायला कुणाला सांगू नका, असं ठरलं.

सामूहिक उंदीरमार, जावात ज्याला ‘ग्रोप्योकान’ म्हणतात, सगळ्यांना माहीत होता. बिळं खणायची, गंधकाचा धूर सोडायचा, कुत्री आणि काठ्या. काही म्हातारे यात उतरत नाहीत. ते शेतात उंदराला ‘देन बागुस’ म्हणतात, त्याला दुखावलं तर तो सूड घेतो असं मानतात. त्यांना कुणी आग्रह केला नाही.

सापळा-कुंपणाची पद्धतही समोर आली. मुख्य पिकाच्या दोन-तीन आठवडे आधी एका छोट्या तुकड्यात भात लावायचं, त्याला प्लास्टिकच्या कागदाचं कुंपण करायचं, तळाशी भोकं ठेवून आत जिवंत पकडणारे पिंजरे लावायचे. लवकर पोटरीत आलेल्या भाताच्या वासानं उंदीर दुरून येतात आणि अडकतात. असा एक तुकडा आसपासचं 10 ते 15 हेक्टर सांभाळतो. इंडोनेशियातच, पश्चिम जावातल्या भातपट्ट्यात, यावर भरपूर काम झालेलं आहे. खर्च कमी, जोखीम नाही. अडचण एकच: तुकडा एकाच्या शेतात, राखण त्याची, फायदा सगळ्यांचा. तो एकटा का करील?

आणि गव्हाणी घुबड. मध्य जावातल्याच देमाक जिल्ह्यातलं त्लोगोवेरू हे गाव घुबडं पाळून उंदीर आटोक्यात आणल्याबद्दल देशभर माहीत आहे. खांबावर लाकडी खोपी, घुबड मारणाऱ्याला गावनियमानुसार दंड. इथले काही जण तिथे जाऊन पाहून आले होते.

दुसरा निर्णय: सुरुवात कुठून?

सभेत एका शेतकऱ्याने उभं राहून विचारलं की तार आधी कुणी काढायची. तो खोडसाळपणा करत नव्हता. तार एका शेतापुरती असते, उंदीर शिवाराचे असतात. ज्याने आधी काढली त्याच्या शेतात शेजाऱ्याचे उंदीर येणार. प्रत्येक तारवाला खरं तर उंदीर मारत नव्हता, तो त्यांना शेजाऱ्याकडे ढकलत होता, आणि शेजाऱ्याला तार लावायला भाग पाडत होता. त्यामुळे ‘ज्याने त्याने सद्‌बुद्धीनं काढावी’ हे आवाहन फसणारच होतं.

यातून निघालेली दोन सूत्रं मला या गावाची खरी कमाई वाटतात. एक, तारा काढायच्या त्या कालव्याच्या एका उपशाखेखालच्या सगळ्या शेतांतून एकाच दिवशी. वाडीप्रमाणे नाही, मालकाप्रमाणे नाही, पाण्याप्रमाणे. कारण एका उपशाखेखालचं शिवार सलग असतं आणि त्याची लावणी एका वेळी करता येते. दोन, काढण्याआधी पर्याय उभा असला पाहिजे. आधी बंदी आणि मग मदत असा क्रम ठेवला, तर मधल्या पोटरीत लोक रात्री तारा परत लावतील.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न सुटायला वेळ लागला नाही. 2014 च्या ग्रामकायद्यानंतर, 2015 पासून, केंद्राचा ग्रामनिधी थेट गावाला येतो. 2022 साठी काढलेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यातला किमान 20 टक्के अन्नसुरक्षेवर खर्च करणं बंधनकारक केलं. अनेक गावं या पैशात शेळ्या आणि कोंबड्या वाटतात. या गावाने घुबडांच्या खोपी, प्लास्टिक कागद, पिंजरे आणि राखणदाराची मजुरी त्यातून घेतली. सापळ्याचा तुकडा एकट्याने का राखायचा, या प्रश्नाचं उत्तर ही मजुरी होती.

काय केलं

गावनियम तयार झाला आणि गावाच्या सल्लागार मंडळाने तो संमत केला. शेतात उघडी वीज सोडायला मनाई, घुबड आणि साप मारायला मनाई. धामणीसारखे साप कातडी आणि मांसासाठी पकडून नेले जात होते, तेही थांबवायचं ठरलं. तारेतही साप मरत होते, घुबडं मरत होती, म्हणजे उंदरांचे शत्रू उंदरांच्या बरोबरीने संपत होते.

खरी कळ मात्र लावणीच्या तारखेत होती. तारीख पाळायला कुणाला भाग पाडता येत नाही. इथे बेंगकोक जमीन कामाला आली. पाक लुराहांनी स्वतःची आणि वाडीप्रमुखांची जमीन खंडाने देताना करारात अट घातली: कालव्याचं पाणी सुटल्यापासून ठरलेल्या पंधरवड्यात लावणी, नाहीतर पुढच्या वर्षी खंड नाही. या जमिनी शिवारात विखुरलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक उपशाखेखाली थोडी तरी जमीन वेळेवर लागली आणि बाकीच्यांना तिच्या मागे राहणं परवडेना. उशिरा लावलेल्या शेतावर सगळ्यांचे उंदीर गोळा होतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बांधही बारीक केले. 30 सेंटिमीटरपेक्षा अरुंद बांधात उंदराला बीळ करायला जागा अपुरी पडते. हे काम स्वस्त होतं, पण त्याला लागणारे हात नव्हते, म्हणून अर्ध्याच शिवारात झालं.

काय झालं

पहिल्या हंगामात पहिल्या उपशाखेखालच्या तारा निघाल्या आणि परत लागल्या नाहीत. पिंजऱ्यांत उंदीर सापडू लागले, विशेषतः मुख्य पीक पोटरीत येण्याआधीच्या आठवड्यांत. नुकसान नाहीसं झालं नाही, पण गोल भादरलेली शेतं कमी दिसली. घुबडांच्या खोपी मात्र बराच काळ रिकाम्या राहिल्या. काही खोपींत मधमाश्यांनी घर केलं. घुबडं आली ती जुन्या नारळीच्या बाजूच्या खोपींत आधी. घुबडांवर सगळी मदार ठेवली असती, तर पहिल्याच वर्षी लोकांचा विश्वास उडाला असता.

दुसऱ्या हंगामात तारीख ढिली पडली. तिसऱ्यात ती उरलीच नाही. बोअरवाल्यांना पाणी विकायचं असतं, आणि ज्याला जसं पाणी मिळतं तसा तो लावतो. 2025 च्या जानेवारीपासून सरकारी खरेदीचा दर किलोला 6,500 रुपिया झाल्यावर तिसऱ्या पिकाचा मोह आणखी वाढला. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी उशिरा पोहोचतं, तिथे काही तारा पुन्हा दिसल्या. त्या लावणारे बहुतेक अर्धेलीने करणारे. पीक गेलं तर वाट्यासोबत उचलही त्यांच्या डोक्यावर राहते. त्यांच्यावर गावनियमाचा दंड लावायचा का, यावर सभा दोनदा झाली आणि निर्णय झाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पंधरवड्यात लावणी संपवायची तर हात लागतात. या गावात लावणी बायकांच्या टोळ्या करतात. त्या आसपासच्या तीन-चार गावांत फिरतात, त्यांची मुकादमीण तारखा ठरवते. लावणीची तारीख ठरवणाऱ्या पहिल्या सभेला या बायकांपैकी कुणालाच बोलावलं नव्हतं. तारीख ठरली तेव्हा त्या शेजारच्या गावात गुंतलेल्या होत्या. दुसऱ्या हंगामात तारीख ढिली पडण्याचं हे मोठं कारण होतं आणि ते आधी दिसायला हवं होतं. नंतर मुकादमिणींना बोलावलं. त्यांनी सांगितलं की शेजारच्या दोन गावांशी तारखांचा क्रम लावला, तर त्या एका भागातून दुसऱ्या भागात सलग जातील. एका गावापुरत्या नियमाने हे साधणारं नव्हतं.

बोअरवाल्यांशी बोलणंही उशिरा सुरू झालं. तिसऱ्या हंगामात भाताऐवजी मूग किंवा सोयाबीन घेतलं तर उंदरांचं चक्र तुटतं आणि पाणीही कमी लागतं. पण पिकात वाटा घेणाऱ्या बोअरवाल्याचं उत्पन्न त्यात घटतं. पाण्याचा दर वाट्याऐवजी तासावर ठरवला असता, तर त्याला भाताचाच आग्रह उरला नसता. ही बोलणी आता कुठे चालू आहेत.

आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्या घराचं काय? गावनियमात दंड आहे, मनाई आहे, खोपींच्या देखभालीची तरतूद आहे. मृताच्या विधवेसाठी एक ओळ नाही. तिच्या नावावर जमीन नाही, नवऱ्याची अर्धेली तिच्याकडे आपोआप येत नाही. माझ्या मते हे कलम सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं. तारेने कुणी गेल्यास त्या घराला पुढची दोन पिकं बेंगकोक जमिनीचा एक तुकडा विनाखंड कसायला द्यावा, असा मसुदा सध्या सल्लागार मंडळापुढे आहे. पाक लुराह त्याच्या बाजूने आहेत, दोन वाडीप्रमुख विरोधात आहेत.